बंडगर भाऊसाहेबांची कुलपं

आमच्या शाळेत घंटा किती वाजता द्यायची हे पासवर्डशिवाय समजत नाही.

मी मुख्याध्यापिका म्हणून इथं रुजू झाले, त्याच सकाळी मला हे कळलं. कवठे महांकाळच्या पलीकडं, थोडी आत, माळावरची शाळा. ऑफिसात गेले आणि तासांच्या वेळा दाखवा म्हणाले. टेबलामागच्या सडपातळ, पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांनी कम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. पडद्यावर वेळा नव्हत्या. एक छोटी चौकट होती आणि ती पासवर्ड मागत होती.

"घंटेच्या वेळांना पासवर्ड?"

"व्हय बाई."

"कशासाठी?"

"असू द्या की. काय खायाला मागतंय व्हय?"

मग ते उठले. दार लोटलं, खिडकीतून बाहेर बघितलं आणि माझ्या कानापासून हातभर अंतरावर येऊन हळूच म्हणाले, "घंटा झाली न्हाई. इंग्रजी अक्षरात. समदं सलग."

मी टाइप केलं. उघडलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा एकेक अक्षर बघून केलं, तरी यंत्र ढिम्म.

भाऊसाहेबांनी माझ्या बोटांकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमी 'नाही' घालताय. 'न्हाई' पायजे. तुमचं 'नाही' हितं चालत न्हाई."

मी मराठीची शिक्षिका. उभा जन्म मुलांच्या वह्यांतलं 'न्हाई' लाल पेनानं खोडून 'नाही' करण्यात गेला. त्या सकाळी माझं शुद्धलेखन लागोपाठ तीनदा नापास झालं.

तर हे आमचे बंडगर भाऊसाहेब, शाळेचे लिपिक. गाव इथलंच, चार किलोमीटरवर. वडील मेंढरं राखायचे. घरातले पहिले पगारी माणूस हे. शाळेत येतात सायकलवर, घंटेच्या अर्धा तास आधी. आल्यावर कम्प्युटरवरचं फडकं काढतात, घडी घालतात, घडी पुन्हा झटकतात, आणि मग दिवसभर कुलपं उघडायची आणि लावायची.

त्यांच्या फाईलींची मी एकदा यादी केली. विद्यार्थ्यांची हजेरी समजू शकते. पण प्रयोगशाळेतल्या काचसामानाची फाईल? आवारातल्या झाडांची फाईल? पोषण आहारात कोणत्या वारी मटकी आणि कोणत्या वारी हरभरा, याची फाईल? सगळ्यांना पासवर्ड, आणि तेही दोन-दोन. एक फाईल उघडायचा आणि दुसरा आतलं काही बदलायचा. "एक दाराचं, एक कपाटाचं," असं त्यांचं म्हणणं.

पासवर्ड म्हणजे काही आकडे किंवा खुणा नव्हेत. उघडणाऱ्याला दिलेली तंबी असते. झाडांच्या फाईलीला 'शेरडं सोडू नका'. काचसामानाला 'फुटलं तर सांगा'. पोषण आहाराला 'मीठ कमी हाय'. शिक्षकांच्या रजांच्या फाईलीला 'कुठं निघालाव'. मी या शाळेची प्रमुख, पण स्वतःची किरकोळ रजा किती उरली हे बघायचं, तर आधी स्वतःलाच 'कुठं निघालाव' असं विचारावं लागतं. खरं सांगायचं तर दोनदा मी विचारात पडले आणि रजा घेतली नाही.

पासवर्ड सांगताना दार लोटणं, खिडकी बघणं हे सगळं यथासांग. गंमत पुढं आहे. भाऊसाहेब स्वतः टाइप करतात तेव्हा एकेक अक्षर मोठ्यानं म्हणतात. त्यांना त्याशिवाय टाइप करताच येत नाही. आणि आवाज असा की माळावरची मेंढरं वळावीत. ऑफिसला लागून पाचवीचा वर्ग. मी येऊन महिना झाला नसेल, मधल्या सुट्टीत बघते तर मुली दोरीवरच्या उड्या मारतायत आणि तालात म्हणतायत, "एम, आय, टी, एच, के, ए, एम, आय..." मीठ कमी हाय. तोंडपाठ.

आमच्या शिपाई मालनमावशी दाराशी स्टुलावर बसतात. त्यांना शाळेतले झाडून सगळे पासवर्ड माहीत. त्या म्हणाल्या, "आवं बाई, मी म्हनलं त्यास्नी, भाऊसाब हळू म्हना, पोरं ऐकत्यात. तर म्हंत्यात, ऐकू द्या."

"आणि घंटा? त्या फाईलीत बघून देता का तुम्ही?"

"मला कुणी दावली न्हाई फाईल. मी घड्याळात बघून देते."

मी सरळ भाऊसाहेबांना गाठलं. मला आडवळणं जमत नाहीत. म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचे पासवर्ड पाचवीच्या मुलींनाही पाठ आहेत."

"मला ठावं हाय."

"मग कुलूप लावून उपयोग काय?"

त्यांनी फडक्याची घडी नीट केली. "बाई, कुलूप चोरासाठी नसतंय. चोर काय, कुठनं बी शिरतोय. कुलूप शाण्यासाठी असतंय."

हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवतात. मला वाटलं, असेल यांची एक म्हण. सरकारी खात्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाकडं एखादी म्हण असतेच.

विसंगतीही भरपूर. ज्या लोखंडी कपाटात शाळेचं जनरल रजिस्टर आहे, म्हणजे शाळा सुरू झाल्यापासून दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, त्या कपाटाला कुलूप नाही. दार उघडू नये म्हणून पुठ्ठ्याची घडी घातलेली. मी म्हटलं, निदान याला तरी लावा. तर म्हणाले, "त्याला कशाला? कागदावरची वळ जागची हलत न्हाई." वळ म्हणजे ओळ. मी मनातल्या मनात लाल पेन काढलं आणि परत ठेवलं.

भाऊसाहेबांच्या घराचंही तसंच. हळदीकुंकवाला गेले होते, तर दाराला कडीसुद्धा नाही, एक दगड लावून ठेवतात. वहिनी म्हणाल्या, "घराला कडी न्हाई आन् कम्प्युटरला कुलूप. लोकं मलाच इचारत्यात, वहिनी, काय ठेवलंय त्यात?"

शेवटी मी लेखी आदेश काढला. फक्त पाच महत्त्वाच्या फाईलींना पासवर्ड असावा, बाकीचे काढावेत. भाऊसाहेबांनी आदेश दोन्ही हातांनी घेतला. दुपारपर्यंत पाच फाईलींची यादी तयार केली. ती बघायला मी कम्प्युटरशी गेले. यादीला पासवर्ड होता.

त्यानंतर मी तो विषय सोडला. शाळेला संडास हवे होते, विज्ञानाला शिक्षक नव्हता. मला दुसरी कामं होती.

मग दहावीची यादी आली. दरवर्षी येते. दहावीला बसणाऱ्या मुलांची नावं, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं बोर्डाकडं ऑनलाइन पाठवायचं. एकदा गेलं की तेच प्रमाणपत्रावर छापून येतं आणि आयुष्यभर मागं लागतं. आठवडाभर पालक येत होते, कुणाचं स्पेलिंग, कुणाची तारीख, भाऊसाहेब रजिस्टर बघून दुरुस्त करत होते. फाईलीचा पासवर्ड 'हात लावू नका'.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब नातेवाइकाच्या लग्नाला परगावी गेले. आमचे गणिताचे शिंदे सर तरुण, हुशार, कम्प्युटरवर हात बसलेला. त्यांना वाटलं, यादी आडनावांच्या क्रमानं लावून ठेवावी, उद्या तपासायला बरं. पासवर्ड त्यांनी मालनमावशींना विचारले, त्यांनी दोन्ही सांगितले. 'हात लावू नका' असं टाइप करून सरांनी हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांनी फाईल उघडली. अक्षरं मोठ्यानं म्हटली, आणि मग आवाज थांबला. इतका वेळ थांबला की मी माझ्या खोलीतून उठून बघायला गेले.

"बाई, ही आटपाडकराची पोरगी बघा. बेंदराच्या आदल्या दिवशी जल्मलीया. हितं जानेवारी हाय. जानेवारीत कुठला बेंदूर?" बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, येतो पावसाळ्यात.

शिंदे सरांना बोलावलं. ते मोकळेपणानं म्हणाले, "मीच लावली काल, मॅडम. फक्त क्रम बदललाय. मुलं तेवढीच आहेत, मोजून घ्या."

"नावांचाच रकाना धरला का समदी यादी धरली?" भाऊसाहेबांनी विचारलं.

सर म्हणाले, "एक चौकट आली होती. शेजारचे रकाने पण घ्यायचे का, असं विचारत होती. मी नको म्हटलं बहुतेक."

म्हणजे नावं हलली होती आणि जन्मतारखा आपापल्या जागी बसून होत्या. प्रत्येक मुलाला दुसऱ्याच कुणाची तरी तारीख लागलेली.

"पण एकूण संख्या जुळते," सर पुन्हा म्हणाले. माणूस घाबरला की एकच वाक्य धरून बसतो.

"गड्या," भाऊसाहेब म्हणाले. सरांना ते कधी गड्या म्हणत नाहीत. "आमचा बा मेंढरं वाड्यात आल्यावर मोजायचा न्हाई. तोंडं बघायचा. आपलं एक गेलं आन् दुसऱ्याचं एक आलं, तर आकडा त्योच ऱ्हातोय. आकडा जुळला म्हंजी काय जुळलं?"

मी विचारलं, "जुनी प्रत आहे का?" होती. भाऊसाहेबांकडं प्रत नसेल असं होणारच नाही. पण ती दुरुस्त्या करण्याआधीची. ती चढवली तर पालकांनी आठवडाभर येऊन केलेल्या दुरुस्त्या गेल्या. आणि संध्याकाळी पाचला मुदत संपणार.

"रजिस्टर काढा मावशी," भाऊसाहेब म्हणाले. "आन् पोरं एकेक करून पाठवा."

मग आम्ही बसलो. मी रजिस्टरमधून वाचायचं, शिंदे सरांनी टाइप करायचं, आणि भाऊसाहेबांनी समोर उभ्या राहिलेल्या पोराला विचारायचं. मी म्हटलं, रजिस्टर आहे ना, मुलांना कशाला बोलवायचं? भाऊसाहेब म्हणाले, "एकदा इचारू द्या." दहावीचे दोन वर्ग ऑफिसच्या दारात रांगेत.

"जन्मतारीख?"

"अठरा ऑगस्ट, सर."

"साल?"

"आईला विचारून सांगतो."

"तुझ्या आयला कशाला त्रास, तुझं तूच बघ की रं. फुडं."

एक मुलगी म्हणाली, तिचे वाढदिवस दोन. एक शाळेतला आणि एक घरातला, कारण आजी तिथीनं करते. एका पोराला स्वतःची तारीख येईना, पण गायीला वासरू कधी झालं ते दिवस-वारासकट आलं. मालनमावशी दारातून म्हणाल्या, "ह्याचं नाव गोठ्यात घाला." रांग हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी तारीख दोनदा वाचायला लावली आणि मान हलवली.

दुपारी जेवायला कुणी उठलं नाही. तीनच्या सुमाराला आटपाडकरची मुलगी आली. काटक, केस घट्ट बांधलेले, रोज सकाळी माळावर पळते.

"फुडं काय करणार?"

"पोलीस भरती, सर."

भाऊसाहेबांनी रजिस्टर माझ्यासमोरून ओढलं आणि स्वतः वाचलं. मग पडद्यावर बघितलं. मग पुन्हा रजिस्टर. मुलगी गेली तरी त्यांचं बोट त्या ओळीवरच होतं.

"भाऊसाहेब, झालं ना ते?" शिंदे सर म्हणाले.

"माझ्या हातनं एकदा झालंय हे," भाऊसाहेब म्हणाले. "म्हनून म्हंतो."

ते आम्हाला सांगत होते की रजिस्टरला, कळत नव्हतं. आधीच्या शाळेत असताना, शाळेत नुकताच कम्प्युटर आला होता. यांनी सुट्टीत कोर्स केला होता. "शाणा झालो व्हतो. सायबाला दावायचं व्हतं, एका बटनात यादी कशी लागती ते." त्यांनीच नावांचा रकाना धरला, त्यांनीच लावला, पाठवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. कारण त्या वर्गातली निम्मी-अर्धी मुलं एक जूनची.

हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी घरच्यांना मुलाची तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून घालायचे. शाळेत दाखल करायला सोपं. वर्गच्या वर्ग एका दिवशी जन्मलेला. त्या यादीत तारखा इकडच्या तिकडं झाल्या तरी एक जूनच्या जागी एक जूनच येत होता.

"ज्यांच्या बापानं काय बी सांगितलं ती सुटली," भाऊसाहेब म्हणाले. "एका पोरीच्या बापानं ग्रामपंचायतीत जाऊन, दाखला काढून, खरी तारीख घातली व्हती. तीच अडकली."

मुलगी भरतीला पळाली, पहिल्यांत आली, लेखी पास झाली. कागदपत्रं तपासताना शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरी. तिला बाजूला काढलं. भाऊसाहेबांनी रजा टाकून, खेटे घालून तारीख दुरुस्त करून आणली, तोवर भरती संपली होती. पुढची निघाली तेव्हा तिचं लग्न झालं होतं.

शिंदे सर म्हणाले, "भाऊसाहेब, मला माहीत नव्हतं."

"तुमाला कसं ठावं असंल? फुडचं नाव घ्या."

पाचला वीस मिनिटं कमी असताना यादी गेली. शेवटचं बटण शिंदे सरांनी दाबावं, असं भाऊसाहेब म्हणाले. सरांनी दाबलं. मालनमावशींनी चहा आणला आणि मग घंटा दिली, घड्याळात बघून.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. सुट्टीला मी उंब्रजला घरी जाते. गाडी काढत होते, तर भाऊसाहेब हातात मिठाईचा पुडा घेऊन उभे. "बाई, कुंडलवरनं जाताय न्हवं? मला सोडा की तितं."

वाटेत तासगावला द्राक्षांच्या बागांवर बोललो, पलूसला ट्रॅक्टरमागं अडकलो. कोणाकडं जाताय, असं मी विचारलं नाही. कुंडलच्या कडेला एका शिलाईच्या दुकानासमोर त्यांनी थांबायला सांगितलं. "पाच मिन्टं. मग मी एस्टीनं जातो म्हागारी." मला पाण्याची बाटली भरून घ्यायची होती, म्हणून मीही उतरले.

मशीनवरून एक बाई उठल्या. पस्तिशीच्या आतबाहेरच्या. उंच, ताठ. त्यांनी भाऊसाहेबांना बघितलं आणि आत जाऊन खुर्ची आणली. मागोमाग तांब्या. काहीएक विचारलं नाही, जसं काही रोजचंच.

भाऊसाहेबांनी पेढ्यांचा पुडा खुर्चीवर ठेवला आणि शेजारी उभे राहिले.

माझ्या हातातली बाटली भरून देताना त्या मला म्हणाल्या, "आज वाढदिवस हाय माझा. धा-बारा वर्सं झाली, ह्या तारखंला येत्यात. लगीन झालं तवा पत्ता काढत हितं आले. माझं आता काय न्हाई, बाई. दुकान चांगलं चालतंय, मालक मिल्ट्रीत हाय. मी म्हंते बसा. बसत न्हाईत."

"भाऊसाहेब, बसा थोडं," मी म्हणाले. "एस्टीला वेळ आहे."

त्यांनी ऐकलं नाही. तांब्या उचलला, पाणी प्यायले, तोंड पुसलं. मग त्या बाईंकडं बघून विचारलं, "सारिका, आधार कार्डावर, बँकंत, समदीकडं तारीख बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर हाय, भाऊसाब."

"एकदा सांग."

तिनं सांगितली. दिवस, महिना, साल. त्यांनी मान हलवली आणि एस्टीच्या थांब्याकडं चालू लागले. तिनं पुडा उचलला आणि खुर्ची तशीच बाहेर राहू दिली.